नमुना क्रमांक आठ

डोंगरावरचा दगड उचलून आणणं हा गुन्हा आहे, हे मला त्या दिवशी पावणेपाचपर्यंत माहीत नव्हतं. आणि त्या दगडावर नंबर घालणं हा त्याहून मोठा गुन्हा आहे, हे बरोबर पावणेपाचला कळलं.

वास्तविक मी सूचना पूर्ण वाचणारी बाई आहे. औषधाच्या खोक्यातला आठ घड्यांचा कागद मी वाचते. इस्त्रीसोबत आलेली पुस्तिका वाचून मी इस्त्री घेणाऱ्या नवऱ्याला तीन चुका दाखवल्या आहेत. त्या फाटकाजवळच्या पिवळ्या फलकावरही चौदा नियम होते आणि मी नवव्यापर्यंत आले होते. तेवढ्यात पार्सलला शू लागली. दगडांचा नियम अकरावा होता.

पार्सल म्हणजे आमची मुलगी, वय अडीच. हे नाव तिच्या बाबानं ठेवलं, कारण ती स्वतःहून कुठेही जात नाही, पोचवावी लागते. थोरला साडेपाच वर्षांचा. त्याला घरात वकील म्हणतात. तो भांडत नाही. फक्त नियम काय आहे ते विचारतो, आणि एकदा कळला की पाळतो. बालवाडीत बाईंनी एकदा सांगितलं, डबा संपल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही. डब्यात कारलं होतं. शाळा सुटली, गाडी निघून गेली, शिपाई कुलूप घेऊन आला, तरी वकील जागेवरच. मला बोलावून घेतलं. ते कारलं मी उभ्याउभ्या खाल्लं, तेव्हा तो उठला.

अशा दोन मुलांना घेऊन सुट्टीतला एक दिवस डोंगरातल्या पायवाटेनं फिरायचं, हा बेत माझा. पिवळी वाट, चार किलोमीटर, 'सहकुटुंब फिरण्यास सोपी' असं माहितीपत्रकात छापलेलं. शेवट जिथे सुरुवात तिथेच, म्हणजे रस्ता चुकायचा प्रश्न नाही. फाटक पाचला बंद. परतीची शेवटची बस सव्वापाचला.

नवऱ्याची थोरली बहीण फोनवर म्हणाली, "अगं, बागेत ने. झोपाळे आहेत, घसरगुंडी आहे. डोंगरात काय आहे? डोंगर."

"ताई, मुलांनी थोडं चालायला हवं."

"चालतील की. सगळं आयुष्य पडलंय चालायला. मी संध्याकाळी सहाला फोन करते. रडू नकोस म्हणजे झालं."

हे 'रडू नकोस म्हणजे झालं' मला लागलं. ताईनं तिच्या तिन्ही मुलांना झोपाळ्यावर वाढवलं आणि तिघंही चांगली निघाली, त्यामुळे तिला उत्तर देता येत नाही.

समोरच्या दारातले मोजणीकाका जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेत. बेत कळताच ते चप्पल न घालता आले. म्हणाले, "डोंगरातलं अंतर नकाशावर मोजू नका. गुडघ्यात मोजा." मग त्यांनी वीस फूट दोरी आणली. दोघांना कमरेला बांधून न्यावं, असा सल्ला होता. दोरी मी नम्रपणे परत केली. मग त्यांनी एक पितळी शिट्टी आणून वकिलाच्या गळ्यात घातली.

"ही कधी वाजवायची?" वकिलानं विचारलं.

"हरवलास तरच," काका म्हणाले. "उगाच वाजवायची नाही. कळलं?"

कळलं होतं. चांगलंच कळलं होतं, पण ते पुढे.

काकांचा गुडघ्याचा सिद्धांत मला पटला नाही. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे अंदाजाला जागा नसते. म्हणून आदल्या आठवड्यात मी वकिलाला इमारतीच्या कॉरिडॉरमध्ये चालवून पाहिलं. फरशी साठ सेंटिमीटरची. वीस फरश्या पंधरा सेकंदांत. म्हणजे चार किलोमीटरला त्र्याऐंशी मिनिटं. मुलं आहेत म्हणून दुप्पट धरली: दोन तास सेहेचाळीस मिनिटं. नवऱ्यानं कागद पाहिला आणि म्हणाला, "सेहेचाळीस कशाला? पंचेचाळीस धर की." तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे. त्याच्या मते जगातल्या बहुतेक अडचणी जिन्यामुळे आहेत.

फाटकावर फॉर्म होता. खिडकीतल्या बाईंना चष्म्याच्या वरून बघायची सवय होती. नाव, पत्ता, माणसं किती, भेटीचा हेतू, व्यवसाय. नवरा म्हणाला, "हेतूत 'मजा' लिही." पण सरकारी कागदावर मजा कशी लिहायची? मी लिहिलं: 'निसर्ग निरीक्षण'. व्यवसायात लिहिलं: 'रसायनतज्ज्ञ, प्रयोगशाळा'. खरं तेच लिहिलं. माझ्या आयुष्यातली बरीचशी संकटं मी खरं तेच लिहिल्यामुळे आलेली आहेत.

"माणसं चार लिहिलीत," बाई म्हणाल्या. "तीन वर्षांखालच्याला तिकीट नाही."

"मग तीन लिहू?"

"तीन कसं लिहाल? बाहेर चार आलात तर?"

शेवटी 'तीन + एक' असं लिहून त्यावर सही केली. शाई निळी होती, काळी हवी होती, म्हणून फॉर्म दुसरा भरला. आत शिरलो तेव्हा अकरा चाळीस झाले होते. हिशेबाप्रमाणे दोन सव्वीसला बाहेर.

पहिल्या तीनशे मीटरला चाळीस मिनिटं लागली. माझ्या गणितातली चूक मला तिथेच कळली: कॉरिडॉरमध्ये मुंग्या नव्हत्या. इथे वाटेच्या मधोमध मुंग्यांची रांग होती आणि वकील तिच्याशेजारी उकिडवा बसला. ओलांडायची म्हटलं तर, "त्यांची रांग संपल्यावर." रांग संपत नव्हती. इकडे पार्सल बाबाच्या खांद्यावर बसायला तयार होती, पण बाबाच्या डोक्यावर टोपी नसेल तरच. टोपी काढली तर ऊन तिच्या डोळ्यांत यायचं. मग टोपी तिला. मग टोपी खाली. मग बाबा खाली वाकून टोपी उचलणार, आणि त्याच्या मानेवर पार्सल.

"इथे लिफ्ट टाकायला वाव आहे," नवरा सरळ होत म्हणाला.

घड्याळात बारा वीस. मी आधी मनातल्या मनात आणि मग माहितीपत्रकाच्या कोऱ्या बाजूवर पुन्हा गणित मांडलं. या वेगानं आम्ही रात्री साडेआठला बाहेर पडत होतो. ताईचा फोन सहाला.

तेव्हा मला ती युक्ती सुचली. युक्ती चांगलीच होती, हे मी आजही म्हणेन. माझ्या पर्समध्ये छोटी वही, पांढऱ्या चिकटपट्टीचा रोल आणि न पुसणारं पेन कायम असतं. आमच्या प्रयोगशाळेत ज्या बाटलीवर चिठ्ठी नाही ती बाटली नाहीच, असं समजतात. मी वकिलाला म्हटलं, "आपण नमुने गोळा करायचे का? लांब लांब जाऊन, एका ठिकाणचा एकच दगड."

तो उठला. "नियम काय?"

"लिंबापेक्षा मोठा नको. प्रत्येकाला नंबर. कुठून घेतला आणि किती वाजता, ते वहीत लिहायचं."

मुंग्यांना ओलांडून तो जो चालू लागला तो सैनिकासारखा. नमुना क्रमांक एक: मुंग्यांच्या रांगेच्या डाव्या बाजूला, बारा वाजून बावीस मिनिटं. क्रमांक दोन: तुटलेल्या पायरीपाशी. क्रमांक तीन: मोठ्या झाडाखाली. दगड पाण्याच्या बाटलीच्या कापडी पिशवीत, पिशवी वकिलाच्या खांद्यावर. कुणाला हात लावू देईना. मधे ब्रेड आणि उकडलेली अंडी खाल्ली, पार्सल झोपली, उठली, मुंगी चावली म्हणून रडली, मुंगी गेली म्हणून रडली. पण आम्ही पुढे सरकत होतो. नवरा मला म्हणाला, "मानलं तुला." अकरा वर्षांच्या संसारात हे वाक्य मी तिसऱ्यांदा ऐकलं, आधीच्या दोन्ही वेळच्या तारखा मला पाठ आहेत.

पावणेचारच्या सुमारास एका कोरड्या ओढ्यावर फळ्यांचा पूल होता. पार्सल तिथे घसरली, गुडघा खरचटला, आणि डोंगराला ऐकू जाईल असं रडणं झालं. मी तिचा गुडघा धूत असताना वकील पुलाखालून वर आला आणि बराच वेळ काहीतरी सांगत राहिला. मी "हो, हो, लिहिलं," म्हटलं. पट्टीवर आठचा आकडा घातला. वही उघडली ती पुढे शंभरेक मीटरवर, लाल बाकावर टेकल्यावर. तिथूनच एक निळ्या खुणांची वाट फुटून कड्याकडे जात होती. मी लिहिलं: 'क्र. ८ – लाल बाकाजवळ'.

प्रयोगशाळेत कुणी असं नंतर, आठवून लिहिलं असतं, तर मी त्याला दुपारचा चहा मिळू दिला नसता.

पावणेपाचला फाटक दिसलं. मुलं धडधाकट, पंधरा मिनिटं हातात, बस समोर उभी. मी मनात ताईला द्यायचं वाक्य तयार केलं, ते फार साधं होतं: "काही नाही, मजेत झालं."

फाटकाशी वनरक्षक पिशव्या तपासत होते. उंच, हडकुळे, डोक्यावर खाकी टोपी. वकिलाच्या पिशवीत त्यांनी हात घातला, आणि एक एक करून अकरा दगड टेबलावर मांडले. प्रत्येकावर पांढरी पट्टी, पट्टीवर आकडा, सगळे आकडे वर करून.

"हे काय?"

"दगड," नवरा म्हणाला.

"ते दिसतंय. नंबर कसले?"

"मुलाचा खेळ आहे हो," मी म्हटलं आणि, माझ्या बोलण्याला पुरावा असावा म्हणून, वही पुढे केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

त्यांनी वाचलं. "'बारा वाजून बावीस मिनिटे.' खेळात वेळ लिहितात?" मग खिडकीकडे मान वळवून, "बाई, यांचा फॉर्म काढा."

बाईंनी चष्म्याच्या वरून वाचून दाखवला. "हेतू, निरीक्षण. व्यवसाय, रसायनतज्ज्ञ, प्रयोगशाळा."

वनरक्षकांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "मॅडम, मुलानं एक दगड खिशात घातला तर मी काढून घेतो, गालाला हात लावतो, सोडून देतो. पण हे पद्धतशीर आहे. शास्त्रीय नमुना संकलन. परवानगीपत्र?"

"अहो, साधे दगड आहेत. बेसाल्ट." हेही बोलायला नको होतं.

"बघा, तुम्हाला जातसुद्धा माहितीये," ते म्हणाले. "नियम अकरा वाचला नाहीत?"

मी नवव्यापर्यंत वाचल्याचं सांगितलं. ते कुणालाच पुरेसं वाटलं नाही. नवरा माझ्या कानाशी म्हणाला, "मजा लिही म्हणालो होतो."

"नियम सरळ आहे," वनरक्षक म्हणाले. "उचललेली वस्तू उचलल्या जागी नेऊन ठेवायची. नाहीतर पंचनामा."

"आत्ता? पाच वाजायला दहा मिनिटं आहेत!"

"म्हणून म्हणतो, पंचनामा. बसा. तुम्ही वाचा, मी लिहितो."

त्यांनी जाड रजिस्टर उघडलं. मी वाचू लागले, खणखणीत आवाजात, कारण अपमान झाला की माझा आवाज आपोआप वर्गात शिकवल्यासारखा होतो. क्रमांक एक, मुंग्यांच्या रांगेच्या डाव्या बाजूला. "मुंग्या म्हणजे कुठल्या मुंग्या?" काळ्या. क्रमांक दोन. क्रमांक तीन. "मोठं झाड. बरं." क्रमांक आठ, लाल बाकाजवळ. शेवटी अकरा, फाटकाआधीच्या पहिल्या खुणेच्या खांबाशी. बाहेर बसवाल्यानं एकदा हॉर्न दिला. मी सही करायला वाकले आणि टेबलाकडे पाहिलं.

टेबलावर टोपी होती. दगड नव्हते. पिशवी नव्हती. वकील नव्हता.

पहिल्यांदा मला राग आला. भीती मागाहून आली. नवरा बसकडे धावला, पार्सल काखेत. मी नळाकडे, मग शौचालयाकडे, मग खिडकीच्या मागे. कुठे नाही. खिडकीतल्या बाईंनी पाच वाजले म्हणून सवयीनं फाटकाला कुलूप घातलं, आणि रजिस्टरकडे बघून स्वतःशीच म्हणाल्या, "तीन अधिक एक आत. बाहेर शून्य."

नवरा परत आला. "बसमध्ये नाही. रस्त्यावरही नाही. ड्रायव्हर म्हणतो, कुणीच बाहेर आलं नाही."

म्हणजे आत. मी डोंगराकडे पाहिलं. ऊन फक्त वरच्या टोकाला उरलं होतं.

फाटकापासून पन्नास मीटरवर पहिला खांब. त्याच्या पायाशी, पांढरी पट्टी वर करून, अगदी सरळ ठेवलेला दगड होता. अकरा.

"तो ठेवायला गेलाय," मी म्हटलं. "तुम्ही म्हणालात ना, उचलल्या जागी नेऊन ठेवायची. तो नियम पाळतो."

वनरक्षकांच्या चेहऱ्यावरचं सरकारीपण एका क्षणात उतरलं. "किती वर्षांचा आहे?"

"साडेपाच."

"चला," ते म्हणाले आणि टोपी तिथेच टाकून चालू लागले. नवऱ्याला मी पार्सलसह फाटकाशी थांबवलं; वकील उलट आला तर कुणीतरी हवं. त्यानं मान हलवली. त्याला विनोद सुचला नाही, यावरून मला प्रसंगाची खोली कळली.

क्रमांक दहा तीनशे मीटरवर होता. सापडला, वाकड्या फलकाखाली, आकडा वर. मी चालता चालता गणित करत होते, दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून. पंधरा सेकंदांत बारा मीटर. यादी वाचायला आठ-दहा मिनिटं गेली, शोधण्यात पाच. म्हणजे तो सातशे मीटर पुढे. आता मुंग्या आडव्या आल्या असत्या तर मी त्यांच्या पाया पडले असते.

"शिट्टी आहे त्याच्याकडे," मी म्हटलं. "गळ्यात आहे. तो वाजवत का नाही?"

वनरक्षक मी सांगितल्याप्रमाणे 'वकील, वकील' अशा मोठ्यानं हाका मारत होते, आणि हाकेनंतर थांबून ऐकत होते. हाक मारणं सोपं होतं. ते थांबणं फार वाईट होतं.

क्रमांक नऊ सापडला. सहाशे मीटर. झाडांखाली आता रंग दिसत नव्हते, नुसते आकार. माझ्या हातात वही होती. पुढची नोंद: लाल बाकाजवळ.

बाकाजवळ काही नव्हतं.

मी गुडघ्यांवर बसून बाकाखाली हात फिरवला. पानं, एक बाटलीचं झाकण, दगड, आणखी दगड. कुठल्याही दगडावर पट्टी नाही. बाकाच्या डाव्या हाताला निळ्या खुणा. कड्याकडे.

"तिकडचा कठडा?" मी विचारलं.

"आहे," वनरक्षक म्हणाले. जरा थांबून, "बहुतेक ठिकाणी आहे. मॅडम, तुम्ही इथून हलू नका. मी निळी वाट बघून येतो." आणि ते धावले. एवढा वेळ ते फक्त भराभर चालत होते.

मी बाकाशी उभी राहिले. आयुष्यभर मी लोकांना सांगत आलेय, नोंद आहे ना, मग घाबरायचं कशाला. नोंद माझ्या हातात होती. क्रमांक आठ, लाल बाकाजवळ, माझ्या अक्षरात. इथे हवा होता, आणि नव्हता. याचा अर्थ दोनपैकी एक: एकतर तो इथपर्यंत आलाच नाही, नाहीतर...

नाहीतर नोंद चुकीची आहे.

ही शक्यता मला सर्वांत शेवटी सुचली, याची मला आजही लाज वाटते. पार्सलचं रडणं, गुडघ्यावरचं पाणी, आणि बाजूला उभा राहून सांगत असलेला वकील. मी तेव्हा ऐकलं नव्हतं; पण कानांनी बहुतेक ऐकून ठेवलं होतं. "आई, पुलाखाली, तिसऱ्या फळीच्या खाली, ओलं आहे तिथे, लिहिलंस?" हो, हो, लिहिलं.

ते शंभर मीटर मी कशी धावले मला माहीत नाही. मोजायची राहिली ती एकच दौड.

तो पुलाखाली बसला होता. कोरड्या ओढ्यात, पिशवी मांडीवर, आठ नंबरचा दगड दोन्ही हातांत. रडत नव्हता. घाबरलेलाही नव्हता. फक्त कपाळाला आठ्या होत्या, निकाल लागत नाही अशा माणसाच्या.

मी त्याला इतकं घट्ट धरलं की शिट्टी माझ्या छातीत रुतली.

"शिट्टी का नाही वाजवलीस रे?"

"मी हरवलो नव्हतो," तो म्हणाला. "आई, हा मी इथून घेतला. हा बघ खड्डा. पण तू टोपीकाकांना वाचून दाखवलंस, लाल बाकाजवळ. मग कुठे ठेवायचा?"

"इतका वेळ याच विचारात बसलायस?"

"नियम 'उचलल्या जागी' असा आहे. पण वहीत दुसरं आहे."

वह्या, नमुने, सह्या, शिक्के यांच्यावर माझा पंधरा वर्षांचा विश्वास. त्या क्षणी त्या सगळ्याहून मोठा पुरावा म्हणजे तिसऱ्या फळीखालचा तो लिंबाएवढा ओला खड्डा होता.

"वही चुकली," मी म्हटलं. "तू सांगितलंस, मी ऐकलं नाही. दगड इथलाच."

त्यानं दगड खड्ड्यात बसवला. बरोबर बसला. आकडा वर.

मी वनरक्षकांना हाका मारल्या. आवाज पोचला नाही. मग वकिलाला म्हटलं, "वाजव शिट्टी."

"पण मी—"

"मी हरवलेय. माझ्यासाठी वाजव."

यावर त्यानं क्षणभर विचार केला, आणि हे नियमात बसतं असं ठरवून वाजवली. मोजणीकाकांची ती पितळी शिट्टी, सारा डोंगर दणाणला.

वनरक्षक धापा टाकत आले आणि पुलाखाली वाकून पाहिलं. फळीवर बसले आणि बाहीनं तोंड पुसलं. मग म्हणाले, "वकीलसाहेब, मी आजवर दोनशे लोकांना सांगितलं असेल, उचलल्या जागी ठेवून या. जाणारे तुम्ही पहिले."

"अजून सात राहिलेत," वकील पिशवी दाखवत म्हणाला.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. उजेड जात होता.

"ते माझ्याकडे दे," वनरक्षक म्हणाले. "उद्या सकाळची गस्त माझीच आहे. मी ठेवीन."

"जागा माहितीये?"

"आईची वही देईल ना ती."

वकिलानं पिशवी दिली नाही. "आधी आठ नंबर दुरुस्त करा."

बरोबर होतं त्याचं. मी पुलावर बसून, खोडाखोड न करता, चुकीच्या नोंदीवर एकच सरळ रेघ मारली. वर लिहिलं, 'फळ्यांच्या पुलाखाली, तिसरी फळी, ओल्या जागी'. सही, तारीख, वेळ. दुरुस्तीला साक्षीदाराची सही लागते. ती वनरक्षकांनी केली, टॉर्चच्या उजेडात, अगदी गंभीरपणे. मग पिशवी आणि वही हवाली झाल्या.

बस अर्थातच गेली होती. वनखात्याच्या जीपमध्ये आम्ही मागे दाटीवाटीनं बसलो. खिडकीतल्या बाईंनी रजिस्टरमध्ये 'तीन + एक बाहेर' लिहून दोनदा मोजलं. पार्सल बाबाच्या मांडीवर टोपी घालून झोपली होती. नवऱ्यानं एका हातानं वकिलाचा पाय धरून ठेवला होता आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

बरोबर सहाला ताईचा फोन आला.

"काय गं, कसं झालं?"

"मजेत," असं म्हणायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि मला रडू फुटलं. चांगलं मोठ्यानं. ताई हळूच म्हणाली, "चौघं आहात ना तिथे? मोज आणि सांग." मी मोजलं. चार. "मग रड खुशाल," ती म्हणाली. ताईबद्दलची एक जुनी नोंदही मला त्या दिवशी दुरुस्त करावी लागली.

पंचनाम्याचं पुढे काही झालं नाही, असं मी समजून चालले होते. पण तीन आठवड्यांनी एक सरकारी पाकीट आलं, शिक्क्यासह. त्यात माझी वही होती आणि सोबत पत्र.

'विषय: नमुने मूळ जागी ठेवणेबाबत. क्र. १, २, ४, ५, ६, ७ नोंदीप्रमाणे ठेवण्यात आले. क्र. ३ बाबत "मोठ्या झाडाखाली" एवढेच नमूद असून सदर ठिकाणी मोठी झाडे चौदा आहेत. सबब क्र. ३ कार्यालयात टेबलावर आहे. तरी नेमकी जागा कळवावी.' खाली सही, आणि सहीखाली पेनानं, बिनसरकारी अक्षरात: 'मुंग्या अजून तिथेच आहेत. वकीलसाहेबांना सांगा.'

मी वकिलाला पत्र वाचून दाखवलं आणि कागद-पेन घेतलं. "सांग. कुठलं झाड?"

तो डोळे मिटून आठवू लागला. "जाड आहे. एका बाजूला भोक आहे. भोकापासून माझी चार पावलं." मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी काय लिहितेय ते तो बघत होता, अक्षर अन् अक्षर. "तुझी चार नाही. माझी."

"तुझी चार, लिहिलं."

"आई, पत्रात नाही कळणार. दाखवायलाच लागेल."

स्वयंपाकघरातून नवऱ्याच्या हातातलं भांडं पडल्याचा आवाज आला. समोरचं दार उघडलं, आणि मोजणीकाका हातात वीस फूट दोरी घेऊन, चप्पल न घालता, उंबऱ्यात उभे राहिले.

मी कॉरिडॉरमध्ये जाऊन फरश्या पुन्हा मोजायला घेतल्या. मुंग्या धरून.